फटीचा आकडा विकत मिळेल

ठकी उभी राहायला शिकली आणि तिच्या आईचं बसणं संपलं.

बाकीची मुलं पलंगाला धरून उभी राहतात, खुर्चीला धरून उभी राहतात, कुणाच्या तरी गुडघ्याला धरून उभी राहतात. ठकीने या सगळ्या वस्तू तपासून नापास केल्या आणि गॅलरीचा कठडा पसंत केला. कठड्याला उभे लोखंडी गज होते. दोन मुठींत दोन गज धरायचे, मधल्या फटीत तोंड खुपसायचं आणि खालच्या जगाला "ब्बा!" म्हणून हाक मारायची, हा तिचा सकाळचा, दुपारचा आणि संध्याकाळचा कार्यक्रम. आणि खालचं जग चांगलं चार मजले खाली होतं.

गाल गजांना टेकून थांबतात तोवर ठीक होतं. पण एके दिवशी ठकीच्या आईच्या लक्षात आलं, की गाल थांबत नाहीत. गाल पलीकडे जाताहेत. कान तेवढे अडलेत. आता पोटच्या पोरीचा जीव दोन मऊ कानांच्या भरवशावर सोडायचा म्हणजे काय, हे ज्यांना मुलं आहेत त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना नाहीत ते सल्ला द्यायला मोकळे आहेत.

ठकीची आई शिकलेली. त्यामुळे ती किंचाळली नाही. तिने पोरीला मागे ओढलं, गॅलरीचं दार लावलं, दाराला खुर्ची लावली, खुर्चीवर स्वतः बसली आणि मग एक प्रश्न विचारला: दोन गजांमध्ये अंतर किती असायला हवं? तिला वाटलं, किती वाजले विचारलं की जसं कुणीही सांगतं, तसं हेही कुणीतरी सांगेल. शिकलेल्या माणसांचे असे काही भाबडे समज असतात.

पहिलं उत्तर नवऱ्याने दिलं. "अगं, तिचं डोकं जाणारच नाही. आमच्या घराण्यात डोकी मोठी असतात. मला एक टोपी धड बसत नाही."

"मोठी असतात हे दिसतंच," ती म्हणाली. "आत काय असतं तो प्रश्न वेगळा."

दुसरं उत्तर समोरच्या काकूंनी दिलं. समोरच्या काकू म्हणजे मजल्यावरच्या सगळ्या प्रश्नांचं चालतंबोलतं उत्तर. प्रश्न नसला तरी उत्तर मिळायचं. "तुम्हा आजकालच्या मुलींना फार बाई काळज्या. आमची पोरं गच्चीवर वाढली. गच्चीला कठडाच नव्हता."

"आणि कुणी पडलं नाही?"

"धाकटा पडला की. पण वाळूच्या ढिगावर पडला. तेव्हापासून जरा हळू बोलतो, बाकी काही नाही." काकूंनी क्षणभर विचार केला. "तू असं कर, चादर बांध."

तिने चादर बांधली. जुनी, फुलाफुलांची, धुऊन धुऊन फुलं फिकी झालेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात सोसायटीचे अध्यक्ष हजर.

अध्यक्ष बिनविरोध निवडून आले होते. विरोधात उभं राहणारा निवडून येण्याची भीती असल्यामुळे त्यांच्या विरोधात कुणी उभंच राहत नसे. लिफ्ट बंद पडली, पाणी गढूळ आलं, जिन्यातला दिवा गेला, या गोष्टी त्यांना वेळेवर कधी कळल्या नाहीत. पण गॅलरीत चादर लागली की ती त्यांना झोपेतसुद्धा दिसायची.

"ताई, ती चादर काढा. इमारतीचा चेहरा बिघडतो."

"आणि माझ्या पोरीचा चेहरा गजांतून बाहेर येतो, त्याचं काय?"

"येणार नाही. कठडा स्टँडर्डप्रमाणे आहे. खाली पाटी लावली आहे ना! पितळेची आहे."

"पाटी पितळेची आहे हे मला माहीत आहे. स्टँडर्डमध्ये अंतर किती दिलंय?"

"स्टँडर्डप्रमाणे जेवढं असतं तेवढं."

"म्हणजे किती?"

अध्यक्षांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्यांच्या लग्नाचा पुरावा मागितला आहे. "ताई, ते वाचायचं नसतं. ते पाळायचं असतं."

जे कुणी वाचलेलंच नाही ते पाळतात कसं, हा प्रश्न तिच्या अगदी ओठांवर आला होता. पण अध्यक्षांनी तेवढ्यात नियम सांगून टाकला: कठड्याला हात लावायचा नाही, जाळी लावायची नाही, चादर तर नाहीच नाही. कठडा स्टँडर्डबाहेरचा आहे असं कागदावर दाखवून दिलंत तरच सभा विचार करील. आणि जाताना चादरीचं एक टोक त्यांनी स्वतःच्या हाताने सोडलं. सामाजिक कार्याची आवडच तशी.

आता खरी गंमत अशी, की ज्याने हे स्टँडर्ड, म्हणजे मानक, लिहिलं तो माणूस तिच्याच घरात, खिडकीजवळच्या खुर्चीत, ताठ बसून वर्तमानपत्र वाचत होता. ठकीच्या आईचे सासरे, अण्णा.

अण्णांनी जन्मभर पूल आणि पाण्याच्या टाक्या बांधल्या. रस्ता चारी दिशांना रिकामा असला तरी हिरवा दिवा लागल्याशिवाय ते ओलांडत नसत. निवृत्त होण्याआधी इमारतींच्या कठड्यांचं मानक ठरवणाऱ्या समितीत ते काही वर्षं होते, आणि त्या काळातली त्यांची एक पिशवी अजून खुंटीला होती.

"अण्णा, दोन गजांत अंतर किती असावं?"

अण्णांनी वर्तमानपत्राची नीट घडी घातली. "सांगता येणार नाही."

"आठवत नाही का?"

"चांगलं आठवतं. सांगता येणार नाही. समितीत काय ठरलं ते बाहेर बोलायचं नाही अशी सही केली आहे."

"पण नंतर ते प्रसिद्ध झालं ना?"

"प्रसिद्ध झालं म्हणजे विकायला ठेवलं."

"अहो, पण कायदाच म्हणतो ना, कठडा असाच बांधा!"

"कायदा फुकट आहे सूनबाई, हवा तेवढा वाच. त्यात लिहिलंय, मानकाप्रमाणे बांधा. मानक मात्र विकत आहे. त्याचे हक्क राखीव आहेत."

ठकीच्या आईने हे दोनदा मनात घोळवून पाहिलं. शाळेने सांगायचं, गणवेश घालून या नाहीतर शिक्षा. आणि रंग कोणता विचारलं तर म्हणायचं, तो आमचा राखीव हक्क आहे, त्या खिडकीवर पैसे भरा, मग सांगू. असली शाळा कुठे निघाली तर पालक दगड मारतील. पण कार्यालय निघालं की सगळे रांगेत उभे.

"समितीचे तुम्हाला किती मिळाले, अण्णा?"

"छे! काहीही नाही. सगळे आपापल्या खर्चाने यायचे. चहा मिळायचा."

"चांगला?"

अण्णा प्रामाणिक माणूस. "गार असायचा."

"तुमच्याकडे एखादी प्रत असेलच की."

"विकत घ्यावी लागते."

"तुम्ही लिहिलेली?"

"समितीवर असताना सवलत होती," अण्णा जरा खाकरले. "आता मी निवृत्त. आणि हे बघ, फुकट मिळालं की त्याला किंमत राहत नाही. फुकटचं कुणी वाचत नाही."

"आणि विकत ठेवल्यामुळे किती जण वाचतात? या अख्ख्या इमारतीत एकाने वाचलेलं नाही. बांधणाऱ्यानेही वाचलं नसणार."

"शिवाय कार्यालय चालायला पैसा लागतो. दिवे, पंखे, शिपाई..."

"म्हणजे माझ्या पोरीचं डोकं अडकणार की सुटणार, हे मी तुमच्या पंख्यांचं बिल भरल्यावर कळणार."

अण्णांनी वर्तमानपत्र पुन्हा उघडलं. घाईत ते उलटं उघडलं गेलं, आणि बराच वेळ त्यांनी ते तसंच वाचलं.

मग तिने ते विकत घ्यायचं ठरवलं. मानक कार्यालयाच्या वेबसाइटवर आधी खातं काढावं लागलं. खात्यात 'उद्योगाचा प्रकार' भरल्याशिवाय पुढे जाता येईना. पोलाद होतं, सिमेंट होतं, रसायनं होती, कोंबड्यांची खुराडीसुद्धा होती. आई नव्हती. शेवटी तिने 'इतर अवजड उद्योग' निवडलं. ठकीला उचलून उचलून तिची कंबर गेलेली असल्यामुळे त्यात खोटं काही नव्हतं.

किंमत पाहून नवरा म्हणाला, "एवढ्यात तर आपण कठडाच नवा..." पुढचं वाक्य त्याने बायकोकडे पाहून गिळलं.

मानक आलं. एकाच संगणकावर उघडणारं, एकदाच छापता येणारं, आणि प्रत्येक पानावर आडवं, ठळक अक्षरात ठकीच्या आईचं नाव उमटलेलं, मुद्देमालावर पोलिसांनी चिठ्ठी चिकटवावी तसं. पहिल्याच पानावर ताकीद: ही प्रत फक्त खरेदीदाराच्या वैयक्तिक वाचनासाठी. अन्य व्यक्तीस दाखवू, देऊ, वाचून दाखवू अथवा कोणत्याही स्वरूपात, कोणत्याही माध्यमात उतरवू नये.

नवरा खांद्यावरून वाकून बघत होता. ताकीद वाचून त्याने घाबरून डोळे मिटले. "मी काही बघितलं नाही हं," तो म्हणाला, आणि डोळे मिटूनच स्वयंपाकघराकडे जाताना दाराच्या चौकटीवर आपटला. मोठ्या डोक्याच्या घराण्याचा तेवढा तोटा असतो.

ती वाचू लागली. मुखपृष्ठ. आभार. प्रस्तावना. प्रस्तावनेची प्रस्तावना. मग एक पान, ज्यावर फक्त 'हे पान हेतुपुरस्सर कोरे ठेवले आहे' एवढंच छापलं होतं. म्हणजे ते कोरंही नव्हतं. पण पैसे त्याचेही घेतले होते. मग गंज, मग रंग, मग गजांची जाडी. आणि अखेर, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप केला ती ओळ: 'दोन गजांमधील अंतर भाग दोनमध्ये विहित केल्याप्रमाणे असावे.'

भाग दोन वेगळा विकत होता.

ठकीच्या आईने संगणक बंद केला, ठकीला मांडीवर घेतलं आणि तिच्या टाळूचा वास घेत बसली. आजवर तिचा अपमान बऱ्याच लोकांनी केला होता, पण पैसे घेऊन, पावती देऊन, वर तिचंच नाव छापून कुणी केला नव्हता.

समोरच्या काकूंच्या भाच्याच्या ओळखीचं कुणीतरी मानक कार्यालयात जाऊन आलं होतं. तिथे एक वाचनकक्ष आहे आणि तिथे बसून कुणीही फुकट वाचू शकतं, अशी बातमी काकूंनी आणली. बातमी खरी निघाली. फक्त ही सोय आपण कुठे सांगत नाही, एवढी काळजी कार्यालयाने घेतली होती.

ठकीला ठेवायचं कुणाकडे? नवरा कामावर. काकूंकडे ठेवायला तिचा धीर होईना. धाकट्याची हकिकत ऐकलेली होती. अखेर अण्णा म्हणाले, "मी येतो. मी आत येणार नाही. फाटकापाशी हिला घेऊन बसेन. त्यात नियमाचा भंग होत नाही."

फाटकावरच्या रखवालदाराने आधी ठकीकडे पाहिलं. "लहान मुलांना मनाई आहे."

"का?"

"सुरक्षेच्या दृष्टीने."

लहान मुलांच्या सुरक्षेचं मानक आत होतं, त्यापासून लहान मुलांना सुरक्षित ठेवण्यात येत होतं. अण्णा ठकीला घेऊन बाहेरच्या बाकावर बसले. मग रखवालदाराने ठकीच्या आईचा फोन घेतला, पर्स घेतली, पेन घेतलं, पर्समधली ठकीची खडूची पेटी घेतली, आणि एक बिल्ला हातात ठेवला.

वाचनकक्षात एक लांब टेबल, आणि टेबलाच्या टोकाला चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेतलेल्या बाई. वाचणारी एकटी ठकीची आई, आणि तिच्याकडे बघणाऱ्या एकट्या बाई. बाईंनी भाग दोन असा आणून ठेवला, जणू दवाखान्यात नवजात बाळ हातात देताहेत. "लिहून घ्यायचं नाही. फोटो नाही. पान दुमडायचं नाही."

"पाठ केलं तर?"

बाई विचारात पडल्या. हा प्रश्न आजवर कुणी विचारला नसावा. "मनातल्या मनात चालेल," त्या म्हणाल्या. "बाहेर काढू नका."

आणि तिला आकडा सापडला. साधा, लहानसा आकडा. शेजारी एक आकृती: दोन गज आणि त्यांच्यामध्ये अडकलेला एक चेंडू. एवढ्या व्यासाचा चेंडू कठड्याच्या कोणत्याही फटीतून आरपार जाता कामा नये. बस्स, एवढंच. शेंबड्या पोरालाही कळेल इतकं सोपं. म्हणूनच बहुधा इतकं लपवलं होतं.

(तो आकडा इथे देता येत नाही. हक्क राखीव आहेत. वाचकांनी वाईट वाटून घेऊ नये. ज्यांच्या पोरांसाठी तो ठरवला त्यांनाही सांगितलेला नाही.)

तिने टेबलावर अंगठा आणि करंगळी ताणून वीत पसरली.

"बाई, हात टेबलाखाली घ्या," टोकावरून आवाज आला. "मोजायचं नाही. वाचायचं."

शेवटी एक परिशिष्ट होतं. आकडा कुठून आला त्याची हकिकत. ठिकठिकाणच्या दवाखान्यांतून लहान मुलांच्या डोक्यांची मापं मागवली होती. ठकीच्या आईला एकदम लस टोचायला गेल्याचा दिवस आठवला. नर्सने ठकीच्या डोक्याभोवती टेप गुंडाळली होती आणि माप लिहून घेतलं होतं. हे कशाला, विचारलं तर ती म्हणाली होती, "वर पाठवतो." वर म्हणजे कुठे, ते आता कळलं. ठकीचं नाही, तर ठकीसारख्या शंभर पोरांचं डोकं असंच कधीतरी वर गेलं होतं. मापं आमच्या पोरांच्या डोक्यांची, तीही रडवून घेतलेली. त्यावर विचार अण्णांसारख्यांनी केला, तोही गार चहावर. आणि विकायचा हक्क मात्र या चष्म्याचा! तिला इतका संताप आला, की ती दोन मिनिटं आकडाच विसरली आणि पान पुन्हा उघडावं लागलं.

आकडा तोंडातल्या तोंडात घोळवत ती बाहेर आली. रखवालदाराने विचारलं, "बिल्ला नंबर?" तिने खाडकन आकडा सांगितला. रखवालदार गोंधळला. "एवढे बिल्लेच नाहीत आपल्याकडे." अशा रीतीने मानकाचा पहिला बेकायदा प्रसार त्यांच्याच फाटकात झाला, आणि रखवालदाराला त्याचा पत्ताही लागला नाही.

घरी येऊन तिने मोजलं. फट जास्त होती. थोडीथोडकी नाही, चांगली दोन बोटं जास्त.

सभा भरली. ठकीच्या आईने उभं राहून सांगितलं, की आपले कठडे मानकाबाहेर आहेत, मी स्वतः वाचून आले आहे, आणि आकडा हा आहे. आकडा तिने खुशाल मोठ्याने सांगितला. कुणाच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही.

"कागद?" अध्यक्षांनी विचारलं.

"कागद देत नाहीत. वाचायला देतात."

"मग कागदाशिवाय सभेपुढे कसं येणार?"

"भाग दोन सोसायटीने विकत घ्यावा."

खजिनदार तत्परतेने चौकशी करून आले होते. संस्थेसाठी घ्यायचं तर जितके सभासद वाचणार तितक्या परवान्यांचे पैसे. न वाचणाऱ्यांसाठी वेगळा दर नव्हता. असता तर सोसायटीने तोच घेतला असता. एकाने सुचवलं, एकानेच वाचून बाकीच्यांना सांगावं. दुसऱ्याने ठकीच्या आईच्या प्रतीवरची ताकीद दाखवली: वाचून दाखवू नये. तिसरा म्हणाला, मग एकानेच वाचावं आणि फक्त मान हलवावी. यावर मान हलवणं हे माध्यम आहे की नाही अशी चर्चा सुरू झाली, आणि ती इतकी रंगली की गज बाजूलाच राहिले.

तेवढ्यात अध्यक्षांना सुचलं. "अण्णासाहेब, तुम्ही तर समितीत होतात. तुम्हीच सांगा. सूनबाई म्हणतात तो आकडा बरोबर आहे?"

सगळ्या माना वळल्या. ठकीची आईही वळली. अण्णा उठून उभे राहिले, ताठ.

"मला सांगता येणार नाही," ते म्हणाले आणि बसले.

"बघा!" अध्यक्ष म्हणाले. "घरातलेच सांगत नाहीत." आणि भाग दोन विकत घ्यावा की न घ्यावा याचा विचार करण्यासाठी उपसमिती नेमून सभा संपली. तोवर आयांनी मुलांवर लक्ष ठेवावं असंही ठरलं. हे बहुमताने मंजूर झालं. आयांचा त्या बहुमतात समावेश नव्हता.

घरी आल्यावर तिने अण्णांपुढे चहा ठेवला. मुद्दाम गार. नवरा मध्ये पडायला आला, तर तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो गॅलरीत जायला निघाला, आणि तिथेही भांडणाचाच विषय आहे हे आठवून परत फिरला. "चार लोकांत मला खाली पाहायला लावलंत अण्णा," ती म्हणाली. "माझं जाऊ दे. ती कुणाची नात आहे?"

अण्णा गार चहा शेवटपर्यंत प्यायले. सवयच होती.

त्यानंतर अण्णांचं काहीतरी बिनसलं. सकाळी फिरायला जायचे ते उशिरा यायचे. समोरच्या काकूंनी खबर आणली, की ते खेळण्यांच्या दुकानात दिसले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दुकानात. "एक एक चेंडू हातात घेतात, खिशातून पट्टी काढून मोजतात आणि परत ठेवतात. दुकानदार वैतागलाय. या वयात असं होतं गं, तू लक्ष ठेव."

ठकीच्या आईला वाटलं, आता हेही बघायचं माझ्या नशिबी. एक गॅलरीत, एक दुकानात.

रविवारी सकाळी उपसमिती खाली, वाहनं लावतात त्या जागी खुर्च्या टाकून बसली होती. ठकीची आई खाली उभी होती, कारण तिला बोलावलं नव्हतं. वर गॅलरीत अण्णा. त्यांनी ठकीला कमरेला घट्ट धरून कठड्यापाशी उभं केलं होतं, आणि ठकीच्या हातात एक नवाकोरा लाल चेंडू होता.

"अण्णा!" तिच्या तोंडून निघालं.

"ब्बा!" ठकी म्हणाली आणि तिने चेंडू फटीत ढकलला.

चेंडू अडला नाही. गजांना त्याचा साधा स्पर्शही झाला नाही. मुद्दे मांडणाऱ्या अध्यक्षांच्या टकलावर तो नेमका येऊन आपटला, उडाला आणि खजिनदारांच्या कपात बसू न शकल्यामुळे कप घेऊन खाली गेला.

"कुणी टाकला? काय चाललंय हे?" अध्यक्षांनी चेंडू पकडून वर पाहिलं.

"मी नातीला चेंडू आणला," अण्णांनी वरून सांगितलं. आवाज सभेतल्यासारखाच ताठ. "आजोबाने नातीला चेंडू आणू नये असं कुठे लिहिलेलं नाही. चेंडू केवढा, का आणला, हे मी सांगत नाही. मी काहीही सांगितलेलं नाही याची नोंद घ्या. आणि तो जरा वर पाठवा, तिला पुन्हा टाकायचाय."

ठकीच्या आईच्या डोळ्यांपुढे वाचनकक्षातली आकृती उभी राहिली. दोन गज, एक चेंडू. तिला एकाच वेळी हसू आलं, रडू आलं, आणि तो गार चहा आठवून लाजही वाटली. तिने चेंडू अध्यक्षांच्या हातातून जवळजवळ हिसकावला. "हाच," ती सगळ्यांना म्हणाली. "हा ज्या फटीतून जाईल तो कठडा मानकात नाही. वाचायला नको, परवाना नको. जा, आपापल्या गॅलरीत टाकून बघा."

जे दस्तऐवजाला जमलं नाही ते चेंडूने केलं. बघता बघता तो चेंडू मजल्यामजल्यावर फिरला आणि मजल्यामजल्यावरून खाली आला. दुसऱ्यावरून पडला, पाचव्यावरून पडला. मुलांना तर पर्वणीच. ज्या लोकांना दोन ओळी वाचायचा कंटाळा होता, ते ओळीत उभे राहून चेंडू टाकत होते.

अध्यक्ष मात्र ढिम्म. "चेंडू म्हणजे कागद नव्हे. कागदाशिवाय..."

"अहो!" तिसऱ्या मजल्यावरून त्यांच्या पत्नीचा आवाज आला. काखेत नातू, हात रिकामे, चेंडू खाली चाललेला. "आपल्याकडूनही जातोय! तुम्ही तिथे खुर्चीत काय बसलाय? वर या आधी, आणि येताना लोहाराला घेऊनच या!"

त्या दिवशी अध्यक्षांना कळलं, की कागदाशिवायही ठराव मंजूर होतो.

पुढच्या आठवड्यात प्रत्येक दोन गजांच्या मध्ये एक नवा गज बसवण्याचं काम सुरू झालं. अण्णा लोहाराशेजारी खुर्ची टाकून बसले. काम झाल्यावर ठकीच्या आईने फट मोजली, आणि पुन्हा मोजली.

"अण्णा, हे तर मानकापेक्षाही कमी आहे."

"कमी चालतं. जास्त चालत नाही," अण्णा म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत, "मी तेव्हा हाच आकडा मांडला होता. मतांत हरलो. सगळ्यांना घरी जायची घाई होती." ते पुढे म्हणाले, "माझा आकडा मंजूर झाला नाही, म्हणजे तो समितीचा नाही. तो मी कुणालाही सांगू शकतो. फुकट."

तिने त्या दिवशी त्यांना चहा दिला तो वाफाळता. जीभ भाजली, तरी अण्णा तोही शेवटपर्यंत प्यायले.

एवढ्यावर सगळं संपायचं. पण अध्यक्षांनी नव्या पितळी पाटीसाठी मानक कार्यालयाला अभिमानाने कळवलं, की आमच्या इमारतीची तपासणी आम्ही प्रमाणित चेंडूने केली असून तो चेंडू आता आसपासच्या इमारतीही मागून नेतात. भाग दोन वाचून गेलेली तीच एकटी असल्यामुळे कार्यालयाचं उत्तर ठकीच्या आईच्या नावाने आलं. भाग दोनमधील आकृतीची आपण विनापरवाना, रबर या माध्यमात प्रत तयार करून वितरित केल्याचे निदर्शनास आले आहे. सर्व प्रती तात्काळ जमा कराव्यात.

नवरा घाबरला. काकू म्हणाल्या, "चेंडू फोडून टाक आणि म्हणावं हरवला." ठकीची आई शांतपणे लिहायला बसली.

'महोदय, चेंडू मुलांनी गटारात घालवला; तिथून काढून नेण्यास आमची हरकत नाही. परंतु सत्य लपवणं बरं नव्हे. त्याच आकृतीची आणखी एक प्रत आमच्या घरी आहे. ती चेंडूच्याही आधीची, किंबहुना तुमच्या मानकाच्याही मुळाशी तिच्यासारख्याच प्रती आहेत. मापं घेताना त्यांना कुणी परवाना विचारला नव्हता. ही प्रत सध्या झोपली आहे. तिला दात येत असल्यामुळे, उठल्यावर नेण्यास आपण स्वतः यावं. शिपाई पाठवू नये, ती चावते. कळवण्यास आनंद होतो, की तिची नवी, वाढीव आवृत्ती दर महिन्याला निघते. ती बघायला कुणालाही येऊ दिलं जातं. मोजायलाही. हात टेबलावर ठेवले तरी चालतात.'

अण्णांनी मसुदा वाचला. एक स्वल्पविराम घातला. "बाकी नियमात बसतं," ते म्हणाले.

कार्यालयाकडून अजून कुणी आलेलं नाही.

आतल्या खोलीत ठकी उठली, रांगत गॅलरीत गेली, दोन मुठींत दोन गज धरून उभी राहिली आणि तिने फटीत तोंड खुपसलं. कपाळ अडलं. गाल अडले. नाकाचा शेंडा तेवढा बाहेर गेला. "ब्बा?" ती रागाने म्हणाली.

तिची आई चहा टाकायला उठली होती. तिने हाक ऐकली, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदाच मागे वळून पाहिलं नाही.